वेणीपुरतं गाणं

भुंगे,

आज सकाळी दात घासताना तुझं गाणं पुन्हा डोक्यात शिरलं आणि दुपार झाली तरी बाहेर पडायचं नाव घेत नाही. भाजी चिरली, बँकेत जाऊन आले, रांगेत मध्येच घुसणाऱ्या एका गृहस्थांना चार शब्द सुनावले, सगळं त्याच ठेक्यावर. आधी त्या दोन साध्या ओळी, मग चढत जाणारी तिसरी, आणि मग धप्पकन टूथपेस्टची जाहिरात.

तू गेलीस त्याला आता वर्ष होत आलं. उत्तर येणार नाही हे मला कळतं. तू जिवंत असतानाही कुठं कुणाच्या पत्राला उत्तर दिलं होतंस? पण हे लिहिते आहे ते चार लोकांनी वाचावं म्हणूनही, तेव्हा तुला ठाऊक असलेलं पुष्कळ तुला परत ऐकावं लागेल. जांभया देऊ नकोस.

रुग्णालयाच्या तळघरात आपली धुलाई होती. वरती मजल्यांवर मजले आजारी माणसं आणि खाली त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे. खिडक्या छताला चिकटलेल्या. त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथं प्रमुख झाले होते. डाग कशाचा आणि तो कशानं जाईल, हे ठरवणं माझं काम. उरलेलं सगळं तुम्ही करायच्या, आणि मी तुमच्यावर ओरडायची.

वाफेवर तापलेला तो मोठा रूळ मला अजून स्वप्नात दिसतो. ओलसर चादर एकीकडून आत सरकवायची, ती दुसरीकडून कडक आणि चटका बसेल इतकी गरम बाहेर यायची. तिथं दोघीजणी उभ्या. चारी टोकं पकडायची, पहिल्यांदा कोपरे जुळवायचे, मग झटका, मग एकमेकींकडे चालत यायचं, मग एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. चार हालचाली. लगेच पुढची चादर. मी नवी असताना म्हटलं होतं, आकडे मोजून करा, सोपं जाईल. तुम्ही एकमेकींकडे बघून हसलात. आठवडाभरात मलाही कळलं की मोजून घड्या घालणाऱ्या जोड्या दुपारपर्यंत भांडतात. एकीचे तीन दुसरीच्या दोनाला येतात.

म्हणून धुलाईत गाण्यावर काम चालायचं. गळा काढून कुणी गात नसे, त्या घरघरीत गळा कुणाचा टिकणार? सगळं ओठांत. समोरचीची मान कशी हलते ते बघून ठेका उचलायचा. सकाळी आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकीला दारातच सवाल व्हायचा, “काय आणलंस?” नव्या माणसाला वाटायचं डब्यातलं विचारताहेत. विचारायचं असायचं ते डोक्यातलं. बसमध्ये, दुकानात, शेजारणीच्या रेडिओवर जे काही कानात शिरून बसलं असेल ते. जिचं गाणं चालीला बरं, ते त्या दिवसाचं गाणं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते झाडून सगळ्यांना लागलेलं असायचं. वर जंतूंची लागण होऊ नये म्हणून मी चादरी उकळून काढत होते आणि खाली ही लागण मोकाट! एकदा तर आमचे मोठे डॉक्टर पाहणीला आले आणि जाताना जिन्यात कुठल्याशा बिस्किटाची जाहिरात गुणगुणत गेले.

रडकी गाणी आणायला बंदी होती. ती माझी नव्हे, ठसक्याची. ठसका म्हणजे तुझी जोडीदारीण. आवाज फोडणी जळल्यासारखा, म्हणून ठसका. कुणी संथ, हुंदके देणारं काही आणलं की ती म्हणायची, “नवऱ्यानं टाकलेलीचं गाणं आणलंस? मग ह्या ढिगाला उद्या उजाडेल. बस तूच घड्या घालत.” तुला भुंगी हे नाव तिनंच पाडलं. तू गाणं म्हणायची नाहीस, त्याच्याभोवती घोंघावायचीस. बघता बघता तुझं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

तुझ्याकडे गाण्यांचा तोटा नव्हता, पण अधूनमधून एखादा दिवस असा यायचा की तुझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नसे. मग ते यायचं.

*टेकडीमागे घर गं,*
*घराला निळं दार,*
*दार वाजवतंय कोण…*

एवढंच. तिसरी ओळ वर वर चढायची आणि तू तिथंच थांबायचीस. म्हणजे चादरीची दोन्ही टोकं घेऊन तुम्ही नाकासमोर नाक आलेल्या, आणि चौथी हालचाल नाही. टोकं कुणी कुणाला द्यायची?

“अगं, पुढे?” ठसका किंचाळायची. “हात वर करून उभी आहे मी, पोलिसांनी पकडल्यासारखी!”

“पुढचं नाही येत.”

“मग जे येतं ते म्हण की बाई!”

“आज दुसरं येतच नाहीये. हेच बसलंय.”

“बसलंय तर उठव त्याला. नाहीतर मी आडवी होते ह्याच चादरीवर. न्या मला उचलून वर.”

मला अर्धवट गोष्टींचा तिटकारा. चहाच्या सुट्टीत मी तुला पकडलं आणि विचारलं, ही काय भानगड आहे? गाणं शिकलीस तर पुरतं शिकायला काय झालं होतं? तू कपाच्या काठाकडे बघत म्हणालीस, “केस संपायचे माझे.”

मग कळलं. तुझी आई वेणी घालताना ते गाणं म्हणायची. आधी तुझी, मग आक्काची. तुझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. तिसऱ्या ओळीला संपायची. रिबिनीला गाठ, पाठीत एक थाप, “पळ!” की तू बाहेर. मागे आक्का बसायची आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आक्काचे केस कंबरेखाली. तिला ते शेवटपर्यंत ऐकायला मिळत असणार.

“मग दाराशी थांबून ऐकायचं नाहीस?” मी म्हटलं.

“खेळायची घाई असायची, बाई. गाणं काय, उद्याही होणारच होतं.”

तुझे वडील आधीच गेलेले. मग आई गेली, तेव्हा तू इतकी लहान होतीस की तिचा चेहरासुद्धा तुला नीट धरून ठेवता आला नाही. फोटो नव्हता. मानेवर फिरणारी बोटं आणि ती चढती ओळ, एवढीच आई तुझ्या वाट्याला उरली. नात्यातल्या माणसांनी दोघी बहिणी वाटून घेतल्या. आक्का हाताशी आलेली, तिला मामानं दुकानात मदतीला नेलं. तुला काकानं नेलं. निघताना आक्का म्हणाली होती, “मी येते तुला न्यायला.” आली नाही. तू मोठी झालीस, लग्न केलंस, लेक झाली, नवरा गेला, धुलाईत लागलीस. आक्का दोन-तीन तासांच्या वाटेवर राहत होती. काका गेला तेव्हा तुम्ही एका खोलीत बसलात, ती त्या भिंतीला आणि तू ह्या भिंतीला, आणि आपापल्या घरी गेलात.

“जा की मग एकदा,” ठसका म्हणाली.

“ती मोठी आहे. तिनं यावं.”

ह्यावर ठसक्यानंसुद्धा वाद घातला नाही. मोठी ती मोठी.

हे असंच चाललं असतं. पण एकदा साथीचे दिवस आले, वरती खाटा पुरेनात, आणि खाली चादरींचे डोंगर. त्यात तुझ्या डोक्यात नेमकं तेच. दहा चादरी झाल्या, वीस झाल्या, प्रत्येक वेळी दोघी नाकासमोर नाक येऊन थिजलेल्या. शेवटी ठसक्याचा धीर सुटला. तू “दार वाजवतंय कोण” म्हणून वर गेलीस आणि तिनं त्याच सुरावरून, त्या दिवसांत उठता बसता रेडिओवर लागणारी टूथपेस्टची जाहिरात ठोकून दिली:

“*मोत्यांसारखे दात!*”

आणि टोकं तुझ्या हातात कोंबली.

काय बसलं होतं ते! दार वाजवतंय कोण, तर मोत्यांसारखे दात. रुळाच्या त्या बाजूच्या बायका खाली बसून हसल्या. सगळ्यात जास्त तू हसलीस. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा चादरीच्या काठाला पुसलंस आणि मी ओरडले की ती परत धुवायला टाक. त्या दिवशी साऱ्या जोड्यांनी तेच धरलं. चार ओळी, चार हालचाली. ढीग संध्याकाळच्या आत संपला. निघताना तू डोक्याला हात लावून म्हणालीस, “सुटले बाई! रिकामं झालं एकदाचं.” गाणं पुरं झालं की डोक्यातून जातं असं बायका म्हणतात, आणि माझ्या रसायनशास्त्राकडे त्यावर काही उत्तर नाही.

मग काही दिवसांनी, सकाळच्या पहिल्या फेरीलाच, मला रुळापाशी चादर लोंबताना दिसली. ठसका तिच्या टोकाला, तू तुझ्या. चादर जमिनीला लागलेली आणि तू ओढतही नव्हतीस.

“काय झालं?” मी म्हटलं.

“थांबत नाहीये.”

“काय थांबत नाहीये? रूळ?”

“गाणं. आई थांबायची तिथं थांबतच नाही, बाई. सरळ दातांवर जातं.”

ठसका हसायला लागली आणि मध्येच तोंड मिटलं.

“अगं, मग तिथं आल्यावर ओठ दाब,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

“ओठ दाबून काय? आत म्हणतंच ना ते. मी म्हटलं नाही तरी म्हणतं.”

आठवडाभर ठसक्यानं जीवाचं रान केलं. रोज नवं गाणं आणायची, काट्यानं काटा काढावा तसं. शेजारच्या पोरांकडून कसली कसली धांगडधिंग्याची गाणी शिकून आली. त्यांचा काही उपयोग झाला नाही. ती गाणी यायची आणि जायची. आणि मोकळ्या डोक्यात पुन्हा घर, निळं दार, आणि दात. “मी मेली काय बोलून बसले,” असं ती प्रत्येकीला धरून सांगायची. तू तिला काही बोलली नाहीस. पण जेवणाच्या सुट्टीत तू बायकांमध्ये बसायचं सोडून कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायचीस, आणि मानेवरून स्वतःचाच हात फिरवायचीस, बोटांना काही आठवतंय का बघायला.

आता मी काही हळवी बाई नाही. पण डागाचं मला कळतं. एखाद्या कापडावर दुसरा रंग चढला की नुसतं घासून भागत नाही, मूळ रंग कुठला होता ते माहीत असावं लागतं. तुझा मूळ रंग आक्काकडे होता. तुला न विचारताच मी मामाच्या दुकानाचा नंबर शोधला, तिथून आक्काचा घेतला आणि कार्यालयातून फोन लावला. तुला विचारलं असतं तर आजही विचारतच बसले असते.

“मी तुमच्या बहिणीच्या कामावरची प्रमुख बोलते आहे,” मी म्हटलं.

“गेली का?” पलीकडून एवढंच.

“छे हो! धडधाकट आहे. खाली चादरी झटकते आहे.”

“मग फोन कशाला केलात? असले फोन माणूस गेल्याशिवाय येत नाहीत.”

“तिला एक गाणं हवं आहे.” मी सगळं सांगितलं. वेणी, तिसरी ओळ, टूथपेस्ट. टूथपेस्टला ती खदखदून हसली, आणि ते हसू थेट तुझं होतं, भुंगे. “तुम्हाला येतं ना पुढचं?”

“न यायला काय झालं? माझ्या लेकींच्या वेण्या त्यावरच घातल्यात.”

“मग म्हणा. मी लिहून घेते.”

“फोनवर? अहो बाई, किराणा आहे का तो? तिला म्हणावं, ये. माझ्याकडे पाठ करून बस. केस असतील तेवढं गाणं मिळेल.”

“ती म्हणते तुम्ही मोठ्या, तुम्ही यायला हवं.”

“मी गेले होते,” आक्का म्हणाली.

मामाकडून चोरून, एकटीच, बस पकडून ती गेली होती. काकू फाटकातच भेटली. म्हणाली, पोर आत्ता कुठं रमली आहे, तुला बघितलं की पुन्हा रडायला लागेल, शहाणी असशील तर परत जा. आक्का स्वतःच केवढी होती? शहाणी झाली आणि परत गेली. पुढे तिला वाटत राहिलं की धाकटीनं कधीतरी विचारावं. आणि धाकटीला वाटत राहिलं की थोरलीनं यावं. दोन शहाण्या!

मी खाली येऊन तुला सांगितलं. अभ्र्यांचा एक आख्खा गठ्ठा बांधून झाल्यावर तू विचारलंस, “फाटकापर्यंत आली होती?”

“फाटकाला हात लावून उभी होते म्हणाली.”

“कुठल्या हाताला ते फाटक… मी मागच्या बाजूला खेळत असणार. तिकडून दिसत नाही.”

“येत्या रविवारी जाऊ,” मी म्हटलं. “सकाळी जायचं, दुपारी परत.”

तू डोक्यावरची टोपी काढलीस. रुळाजवळ मोकळे केस नकोत हा नियम होता, तो सगळ्याजणी घट्ट अंबाडा घालून पाळायच्या. तू मात्र कटकट नको म्हणून पार कानापर्यंत कापून टाकले होतेस.

“बाई, एवढ्याशा केसांत गाणं पुरायचं नाही,” तू म्हणालीस. “वाढू दे थोडे. मग जाऊ.”

मी कपाळावर हात मारून घेतला. ठसका म्हणाली, गंगावन लावून जा. पण तू गंमत करत नव्हतीस. तुला ते पुरतं हवं होतं, आणि तुझ्याच केसांवर हवं होतं. तेव्हापासून तू कात्री लावली नाहीस.

उतारवयात केस किती हळू वाढतात ते तुझ्यामुळे मला समजलं. आपण दोघी निवृत्त झालो. मी तुझ्याकडे यायची, त्या चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. जिन्यात कातड्याचा आणि खळीचा वास. खिडकीत तुझा आरसा आणि कंगवा. तुझी लेक दारातच गाऱ्हाणं घेऊन उभी, “बाईमावशी, ही आरशासमोरून हलत नाही हो. म्हातारपणी कुठं जमवलंय की काय, विचारा बरं.” तू तिला कंगवा फेकून मारायचीस. मग पाठमोरी होऊन मला विचारायचीस, “कुठवर आले?” मी चष्मा लावून बघायची. मानेपर्यंत. मानेच्या जरा खाली. पांढरे, विरळ, पण सरळ.

आक्काशी फोनवर बोलायला तू शेवटपर्यंत तयार झाली नाहीस. “समोरच बोलू,” म्हणायचीस. तीही तसलीच. त्यामुळे तुमचं कबुतर मी.

“किती वाढले?” आक्का विचारायची.

“खांद्याला टेकले.”

“खांद्यापर्यंत म्हणजे अर्ध्याच्या थोडं पुढे जाईल. येऊ द्या हो तिला. ओढून घालीन, लांबवीन जरा.”

मी हे तुला सांगितलं की तुझा चेहरा असा व्हायचा, भुंगे, की मला खिडकीबाहेर बघावं लागायचं. एवढ्या वर्षांत तुला कुणी काही लांबवून देऊ केलं नव्हतं.

आणि तरी तू निघत नव्हतीस. आधी केस. मग लेकीचं बाळंतपण. मग गुडघा. मग पुन्हा केस. मी ओरडायची, तू हसायचीस. मग एकदा मी फोन केला तर आक्काच्या सुनेनं उचलला. म्हणाली, “सासूबाईंना हल्ली नावं सापडत नाहीत. परवा मलाच विचारत होत्या, तू कुणाची गं? गाणी मात्र म्हणतात दिवसभर.” मी तशीच चपला घालून तुझ्याकडे आले. म्हटलं, केस गेले खड्ड्यात, आता निघायचं.

त्या रविवारी तू बसस्थानकावर माझ्याआधी येऊन बसली होतीस. केस धुतलेले, मागे रिबीन. ह्या वयात रिबीन! मी काही बोलले नाही. माझ्याच्यानं क्वचितच होतं ते. गाडी लागली. माणसं चढली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे बघितलं तर तू बाकावरच.

“चढ.”

“बाई, तिला आठवतच नसेल तर?”

“नसेल तर नसेल. चहा पिऊ, तिला बघू, परत येऊ.”

“तसं नाही. आत्ता ते कुठंतरी आहे. तिथं गेले आणि तिथंही नसलं, तर मग कुठंच नाही ना.”

“मावशी, येताय की गप्पा मारताय?” कंडक्टर म्हणाला.

“तिचे हात तरी बघशील,” मी म्हटलं. “गाणं नाही तर नाही, हात तरी आईचे असतील.”

तू उठलीस. खरंच उठलीस. आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, दार लागलं, आणि मी पायरीवरून खाली उडी मारली म्हणून वाचले. गाडी गेली. पुढची दुपारची; तिनं गेलो असतो तर रात्री परतायला काही नव्हतं. आपण तिथल्या टपरीवर चहा घेतला. तू दोन्ही हातांनी कप धरून म्हणालीस, “पुढच्या रविवारी. ह्या वेळी मी आधी चढते, तुम्ही मागून.” मी शपथ घ्यायला लावली. घेतलीस. घरी परतताना शहरातल्या बसमध्ये तू काहीतरी गुणगुणत होतीस. नीट कान दिला तर तेच. तिसऱ्या ओळीला तू श्वास रोखून धरायचीस, जाहिरात येण्याच्या आत, जितका वेळ जमेल तितका.

रविवारच्या आत तू गेलीस. दुपारी पंख्याखाली आडवी झालीस ती उठलीच नाहीस. लेकीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, नीट हलवून बघ तिला. असं म्हणतात का कुणी? पण म्हटलं. ठसका अजून नोकरीत होती. त्या दिवशी धुलाईत दारातच उभं राहून तिनं एकेकीला सांगितलं, “आज कुणी काही आणायचं नाही. मोजून घाला.” दिवसभर मोजून घड्या घातल्या म्हणे. भांडणंही झाली नाहीत.

आक्काला मीच कळवलं. ती रडली. फोन ठेवला तरी मला ते रडणं ऐकू येत होतं.

आणि दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. “अहो बाई, कधी आणताय तिला?”

मी गोल गोल बोलणारी नाही, तुला ठाऊक आहे. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली, अगदी पहिल्यासारखी, कारण तिच्यासाठी ते पहिलंच होतं. तिसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा सुनेनं फोन घेतला. “नका सांगू हो मावशी. ह्यांना दर वेळी नव्यानं कळतं.”

गाणं तिला अजून येतं, सून सांगते. सगळंच्या सगळं. माणसं पुसली गेली, गाणं राहिलं. ते घ्यायला मी एकटी जाऊ शकते. गाडी सकाळची आहे, गुडघे माझे बरे आहेत. पाठ करून बसायला माझ्याही डोक्यावर पुरेसे केस आहेत. ठसका तर दर भेटीत मागे लागते की जा बाई, आण ते, माझ्याही डोक्यातले दात पडू देत एकदाचे. पण ते आणायला आपण दोघी जाणार होतो. मी एकटीनं आणून कुठं ठेवू?

काल पुन्हा फोन वाजला.

“निघालात का?”

“निघतोच आहोत.”

“कधीच्या गाडीनं?”

“रविवारच्या. सकाळच्या.”

“दोघी ना?”

“दोघी,” मी म्हटलं.